साध्या एटीएक्स एसएमपीएसवर जुना ब्रँडेड डेस्कटॉप: चालतो, पण दार लागत नाही

जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपला साधा एटीएक्स (नेहमीच्या प्रमाणित मापाचा) एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, चालतो का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, चालतं. चौथ्या पिढीचा आय-५, मिनी टॉवर, मदरबोर्डवर २४ ऐवजी ८ पिनांचा सॉकेट. त्याला बाजारातला साधा ४५० वॉटचा एसएमपीएस आणि मध्ये २४-ते-८ पिनांचा अ‍ॅडॉप्टर. अख्खा पावसाळा या जोडीवर काढला. तरी मी पाचपैकी साडेतीनच देणार.

आमचा हा पीसी ऑफिसात नसतो. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणकीय मशिनच्या) बाजूला असतो. मशिनवरच्या जुन्या फॅनुक कंपनीच्या कंट्रोलची मेमरी एवढीशी, त्यामुळे मोठा प्रोग्रॅम आरएस-२३२ या सीरियल केबलवरून ड्रिप फीडने, म्हणजे काम चालू असतानाच थोडा थोडा करून, द्यावा लागतो. या डेस्कटॉपला सीरियल पोर्ट बोर्डावरच आहे. ‘नवा घेऊन टाका’ म्हणणाऱ्यांनी यूएसबी कन्व्हर्टरवर ऐन फिनिशिंग कटमध्ये डेटा अडकलेला बघितला नसावा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, सगळं मान्य. पण या पीसीला इंटरनेटची वायरच जोडलेली नाही. जी-कोड (मशिनच्या हुकमांचा प्रोग्रॅम) पाठवण्यापुरता तो माझ्यासाठी तरुण आहे.

मूळ एसएमपीएस गेला तो वीज जाऊन परत आल्यावर. बटण केशरी मिचकायला लागलं, पंखा हलेना. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्यांच्या सर्व्हिसवाल्याने फोनवरच ‘पार्ट एंड ऑफ लाइफ आहे सर’ म्हणून मोकळं केलं, आणि तरीही तपासणीचे पैसे भरून मशिन आणून ठेवायचा आग्रह धरला. एमजी रोडवर एका दुकानात त्याच मॉडेलचा काढलेला, जुना एसएमपीएस चार हजारांच्या पुढे सांगितला. वॉरंटी किती? ‘इथे लावून दाखवतो ना शेठ.’ म्हणजे दुकानाच्या पायरीपर्यंत. त्याच रस्त्यावर ब्रॉन्झ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) कोरा ४५० वॉट, काही वर्षांच्या वॉरंटीसकट, तीन हजारांच्या आत मिळत होता. अ‍ॅडॉप्टर ऑनलाइन साडेतीनशे. हिशेब तिथेच संपला.

आता ८ पिनांचं. सुरुवातीला मी याला सरळ लुटीचा धंदा म्हणत होतो. आपला पार्ट घ्यावाच लागावा म्हणून प्लग वेगळा, दुसरं काय! ते आजही थोडं खरं आहे, पण पूर्ण नाही. अशा बोर्डाला बाहेरून फक्त १२ व्होल्ट लागतात. ५ आणि ३.३ व्होल्ट तो स्वतः तयार करतो, हार्ड डिस्कलाही बोर्डावरूनच वीज जाते. इंटेलने पुढे २०२० च्या सुमारास एटीएक्स१२व्हीओ आणलं, तेही याच विचाराचं, १० पिनांचं. तेव्हा कल्पना शहाणपणाची आहे. चीड येते ती एवढ्याचीच की ज्याने त्याने आपापला प्लग काढला.

अ‍ॅडॉप्टर निवडताना खरी मेख जांभळ्या, म्हणजे स्टँडबायच्या, वायरीत आहे. साधा एटीएक्स एसएमपीएस बंद असतानाही त्या वायरीवर ५ व्होल्ट देत राहतो, त्यावरच पॉवर बटण जिवंत असतं. माझ्या बोर्डाला तिथेही १२ च्या आसपास हवेत. म्हणून चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये एका जागी काळ्या श्रिंक ट्यूबखाली फुगवटा दिसतो, त्यात ५ चे १२ करणारं छोटं सर्किट असतं. नुसत्याच सरळ वायरी असलेला अ‍ॅडॉप्टर स्वस्त दिसला तर आपल्या बोर्डाला काय लागतं ते आधी बघा. प्लग बसला म्हणजे जमलं, असंही नसतं. डेलच्या १९९० च्या दशकाअखेरच्या काही मशिनांत प्लग नेहमीच्या एटीएक्ससारखाच होता, पण वायरींचा क्रम निराळा. साधा एसएमपीएस लावला की बोर्ड गेला.

मी बोर्डाला जोडण्याआधी अ‍ॅडॉप्टर लावून, हिरवी वायर काळीला टेकवून एसएमपीएस चालू केला आणि मल्टीमीटरने मोजलं. १२ च्या पिना ११.४ ते १२.६ च्या आत असायला हव्यात, होत्या. सीपीयूचा ४ पिनी प्लग नेहमीचाच निघाला. नव्या एसएमपीएसचा ४+४ असतो, त्यातला एक अर्धा लावला, दुसरा बांधून ठेवला. मागचे चार स्क्रू बरोबर बसले, कारण कॅबिनेटमधली जागा एटीएक्सच्याच मापाची, १५० बाय ८६ मिलिमीटर. तुमचा स्लिम डेस्कटॉप असेल तर हा उद्योग विसरा.

एक गोष्ट मागाहून बदलली. आधी डिस्क बोर्डावरूनच चालू ठेवली होती. पण २४ पिनांच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरी दोनच असतात, आणि बोर्डाचा सगळा भार त्या दोघींवर. म्हणून दोन्ही डिस्क एसएमपीएसच्या स्वतःच्या साटा केबलवर घेतल्या. याच कारणाने स्लॉटमधून ७५ वॉट ओढणारं ग्राफिक्स कार्ड या जुळणीवर मी टाकणार नाही. पोराने गेमसाठी विचारून बघितलं, नाही म्हणालो.

अनपेक्षित सुख एकच, पण मोठं. वीज गेली की इन्व्हर्टरवर जाताना जुना एसएमपीएस कधी टिकायचा, कधी पीसी रीस्टार्ट व्हायचा, आणि ड्रिप फीड चालू असेल तर जॉब भंगारात. चांगल्या एटीएक्स एसएमपीएसने वीज तुटल्यावर १६-१७ मिलिसेकंद तरी तग धरावा अशी अपेक्षा असते. जुन्याचे कपॅसिटर बहुधा थकले होते. नवा आल्यापासून या कारणाने एकही जॉब गेला नाही. एवढ्यावरच पैसे वसूल.

मग साडेतीन का? दारामुळे. अ‍ॅडॉप्टर जेमतेम दहा सेंटिमीटरचा. २४ पिनांचा जाडजूड प्लग आणि अ‍ॅडॉप्टरचा सॉकेट जिथे भेटतात तो गठ्ठा बरोबर सीपीयूच्या पंख्यावरच्या प्लॅस्टिकवर येतो. केबल इतकी ताठ की इकडे दाबली तर तिकडे उसळते. कॅबिनेटचं दार त्या गठ्ठ्यावर टेकतं आणि खटका बसत नाही, बोटभर फट राहते. घरी असता तर मी लक्षही दिलं नसतं. शेडमध्ये बीडाचे (ओतीव लोखंडाचे) जॉब चालतात, त्याची काळी पूड वीज वाहून नेते, आणि कूलंटच्या तवंगावर ती चिकटून बसते. वर, दार उघडं आहे म्हणून बोर्ड दर वेळी एफ१ दाबायला लावायचा. ते बायोसमधून बंद केलं. पण फट कशी बंद करणार? ऑपरेटरने पॅकिंग टेप मारली. दिसायला इतकं भिकार की बाहेरून आलेले कस्टमर विचारायचे, ‘हा चालतो का?’

तीस सेंटिमीटरचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, दीडशे रुपये जास्त. विक्रेत्याच्या पानावर लांबी लिहिलेलीच नव्हती, म्हणून या दीडशेवर मी दोन महिने हट्टाने अडून बसलो. शेवटी पावसाळा उतरल्यावर झाकण काढलं, आत काळा थर बघितला, आणि मागवला. आता गठ्ठा रिकाम्या सीडी ड्राइव्हच्या जागेत जातो. दार लागतं. फक्त इतके महिने ताणून पत्र्याला बाक आलाय, वरचा कोपरा कागद जाईल एवढा उघडा राहतो, आणि तिथली टेप अजून आहे.

काही बारीकसारीक: फुगवटा पीसी बंद असतानाही कोमट राहतो, म्हणून सेकंड शिफ्ट सुटताना मागचा स्विच बंद करतो, मूळ एसएमपीएसला तो नव्हताच. पंख्याचा आवाज कमी आहे, पण शेजारी व्हीएमसी चालू असताना त्याचं कौतुक कोण करणार.

घेणार असाल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: स्टँडबायला १२ करणारं सर्किट आहे का, आणि लांबी किती. दहा म्हणाला तर दुसरा बघा.