बोरा की बेलम?

दोन्ही गुहा आंध्रातल्या, दोन्ही चुनखडीतल्या. पण लवणस्तंभ पाहायचे असतील तर अरकूजवळची बोराच गाठा. मातीतून झिरपताना पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. गुहेच्या छताशी थेंब लोंबकळला की तो वायू हवेत निसटतो आणि कॅल्साइट या खनिजाचा सूक्ष्म थर मागे उरतो. छतातून खाली आणि जमिनीवरून वर असे स्तंभ हजारो वर्षं वाढत राहतात. कृपया त्यांना हात लावू नका. त्वचेच्या तेलकटपणामुळे पुढची वाढ खुंटू शकते!

बेलममध्ये असे स्तंभ कमी. मात्र पाण्याने खडक कसा पोखरला, हे तिथल्या ३,२२९ मीटर लांबीच्या भुयारी वाटांत जास्त स्पष्ट कळतं. आत उकाडा मात्र सोसावा लागतो.