शेकाचा पॅड आणि पार्किन्सन्सचं दुखणं : पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

हा इलेक्ट्रिक शेकाचा पॅड गेल्या पावसाळ्यात घेतला. पार्किन्सन्स असलेल्याला त्याचा कितपत उपयोग होतो, हे सांगण्याइतका तो आता वापरून झालाय. दुखण्याला होतो, थकव्याला होत नाही. आणि दुखण्यालाही वेळ साधली तरच.

बाहेरच्यांना फक्त हाताची थरथर दिसते. आत मान, खांदे, कंबर, पोटऱ्या सतत आवळलेल्या असतात. माझी सुरुवातच उजव्या खांद्यापासून झाली आणि बरेच दिवस ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून व्यायाम चालले. हे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत घडतं.

पहिले काही आठवडे दुखेल तेव्हा पॅड लावायचे. कधी बरं वाटे, कधी काहीच नाही. मग डॉक्टरांनी गोळीची वेळ आणि दुखण्याची वेळ एकाच वहीत लिहायला सांगितलं. माझ्या लेव्होडोपाच्या (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) गोळ्या सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ ला असत. खांद्यातला ठणका बहुतेक वेळा पुढच्या गोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी सुरू व्हायचा. म्हणजे गोळीचा असर उतरत आला की स्नायू कडक होत आणि दुखत. हे दिसल्यावर शेकाची वेळ बदलली. आता गोळी घेतली की लगेच पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर पॅड लावते. गोळी चढायला अर्धा ते एक तास लागतो, तो मधला वेळ शेकामुळे सुसह्य होतो.

त्याच वहीतून आणखी एक गोष्ट कळली. भरपेट वरण किंवा पनीर खाऊन गोळी घेतली, की ती उशिरा चढते. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच वाटेने शोषली जातात, त्यामुळे दोघांची चढाओढ होते. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास. डाळ-दूध सोडलं नाही, त्यातलं बरंचसं रात्रीच्या जेवणात नेलं, तेही डॉक्टरांना विचारून. पुढे त्यांनी गोळ्यांमधलं अंतर कमी केलं आणि खरं सांगायचं तर पॅडपेक्षा त्यानेच दुखणं जास्त उतरलं. त्यामुळे पॅड घेण्याआधी अशी वही लिहून डॉक्टरांना दाखवा, असं मी आग्रहाने सांगेन. गोळ्यांच्या वेळा मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

पहाटे पायाची बोटं आत वळून येणारा पेटका पॅडला दाद देत नाही. रात्रीच्या औषधात बदल झाल्यावर तो कमी झाला.

आता थकवा. अंग गळून जातं, डोळ्यांवर झोप नसते, तरी उठवत नाही. घरच्यांना तो आळस वाटू शकतो, पण थकवा हा या आजाराचाच भाग आहे. तरी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं, मीही घेतलं. पॅडने उलट जास्त सुस्ती येते. मला उपयोग झाला तो कामाच्या वेळा बदलण्याचा. अंघोळ, स्वयंपाक, बँकेची कामं गोळी चढलेली असताना. भाजी बसून चिरायची. पूर्ण गळून जाण्याआधीच थोडं आडवं व्हायचं. आणि सकाळचं चालणं चुकवायचं नाही. थकलेल्या माणसाला चालायला सांगणं विचित्र वाटतं, पण चाललेल्या दिवशी दुपार हलकी जाते.

पॅडचे दोष सांगते. बटणं इतकी बारीक आहेत की थरथरत्या बोटांनी दोनदा दाबली जातात आणि आच भलतीच वाढते. कमरेचा पट्टा पाठीमागून एकटीला लावता येत नाही. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय मात्र उत्तम; ती नसलेला पॅड घेऊच नये. बाम चोळून वर शेक घेऊ नका, कातडी भाजते. लावून झोपू नका. शेकानंतर एकदम उठू नका. पार्किन्सन्सच्या पुष्कळ रुग्णांचा उभं राहताना रक्तदाब पडतो आणि उष्णतेने आणखी पडू शकतो. मी आधी पलंगाच्या कडेला बसून घोटे हलवते. मेंदूतल्या तारांची डीबीएस शस्त्रक्रिया झाली असेल तर फिजिओथेरपीला गेल्यावर ते आधी सांगा, डायथर्मी (यंत्राने शरीरात खोलवर दिलेला शेक) अशा रुग्णांना चालत नाही. पॅडबद्दलही सर्जनना विचारा.

दुकानात घ्यायला रुग्णालाच न्या, तेही गोळी उतरलेली असताना. त्या हातांनी बटण दाबता आलं तरच पैसे द्या.