सेस्ना १७२ ची फुकटातली वेट-बॅलन्स शीट: चांगली आहे, पण किलोत भरू नका

बारामतीला फ्लाइंग शिकतोय, सुट्टीला कोल्हापुरात राजारामपुरीत घरी आलोय, तेवढ्यात ही एक्सेल शीट नीट चालवून बघितली म्हणून लिहितोय. नेटवरनं फुकट उतरवलेली, सेस्ना १७२ एस या चार सीटांच्या छोट्या विमानासाठीची, भरलेलं वजन आणि विमानाचा तोल मर्यादेत आहे का ते काढणारी, गूगल शीट्समध्ये मोबाईलवरपण उघडते.

हिशोब साधाच आहे. वजन गुणिले आर्म (म्हणजे ते वजन किती अंतरावर आहे ते) म्हणजे मोमेंट, सगळ्या मोमेंटची बेरीज भागिले एकूण वजन की सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य आला. आर्म फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधला पडदा) इंचात, पुढच्या सीटा ३७, तेलाच्या म्हणजे इंधनाच्या टाक्या ४८, मागच्या सीटा ७३, सामान ९५. मार्केट यार्डातनं गुळाची ढेप सायकलच्या कॅरियरला बांधून ज्यानं आणलीय त्याला सीजी मागं गेला म्हणजे काय ते शिकवायला नको, हँडल कसं हलकं लागतं ते हाताला माहीत असतंय.

तर रविवारी जेवणं झाल्यावर खेळ म्हणून घरातल्या चौघांना विमानात बसवलं, म्हणजे शीटमध्ये. बाथरूमजवळचा वजनकाटा आणला, दाजी चढले, ९२. "अरे पँटच्या खिशात किल्ल्या आहेत," म्हणाले. म्हटलं दाजी, किल्ल्यापण विमानातच येणार की. पुढं दोघं मिळून १६३, मागं दाजी धरून १७२, बॅग २०, टाक्या फुल्ल. रिकामं विमान धरून एकूण २३७३ आलं, लिमिट २५५०, सीजी ४३.४, सगळा पट्टा हिरवागार. मी खूश.

मग डोक्यात आलं की शीट पौंडात आहे आणि मी किलो भरलेत. २.२ नं गुणून परत भरलं तर एकूण २८००! अडीचशे पौंड जास्त. आणि गंमत म्हणजे सीजी ४५.५, मागचं लिमिट ४७.३, म्हणजे बॅलन्स बरोबर आणि वजनच बाद. फुल्ल तेलच ३१८ पौंड आहे, ते काढून काढून किती काढणार, शेवटी दाजींना उतरवलं तरी ८ गॅलन तेल कमी करायला लागलं. चार सीटांचं विमान म्हणजे चार माणसं, असं नसतंय ते इथं पहिल्यांदा नीट डोक्यात बसलं.

माझी तक्रार हीच. लिमिट ओलांडलं की लाल होतंय तेवढं ठीक, पण १७२ एसच्या पुढच्या दोन सीटांवर १६३ पौंड म्हणजे दोघं पोरंच बसलीत का, एवढी तरी शंका शीटनं घ्यावी की नाही? आपल्याकडं काटा किलोत, तेल लिटरात, आणि शीटला पौंड आणि गॅलन पाहिजेत. मी शेजारी किलोचा एक कॉलम टाकलाय, लिटरचा पण (५३ गॅलन म्हणजे साधारण २०० लिटर).

अजून दोन गोष्टी. मागच्या दुसऱ्या सामानाच्या जागेची ओळ शेवटी टाकली तर बेरजेनं ती घेतलीच नाही, फॉर्म्युला आधीच्याच ओळीपर्यंत, म्हणून ओळ वाढवली की बेरीज हातानं तपासा. आणि आत रिकाम्या विमानाचं वजन १७०० भरलेलं आहे ते नमुन्याचं, आपल्या विमानाच्या वेट शेड्यूलमधला (त्या विमानाच्या वजनाचा कागद) आकडाच घालायचा, दोन १७२ सारख्या नसतात.

धावपट्टीचं शीट काही सांगत नाही, ते तिचं कामही नाही. पण आपलं उजळाईवाडीचं विमानतळ समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी वजनाचा पट्टा हिरवा असला तरी टेकऑफचं अंतर मॅन्युअलमधनं वेगळं काढायलाच लागतंय.

पाचातले साडेतीन. आमचे सर आधी कागदावर काढायला लावतात, तोवर वैताग यायचा, आता पहिल्यांदा कागद आणि मग शीट असं करतोय.

दाजी अजून विचारतायत, जेवणाआधी वजन केलं असतं तर बसलो असतो का म्हणून.