श्रवणाच्या तासाला तयार ध्वनिमुद्रण वापरावे की स्वतः केलेले?

भाषेच्या कौशल्यांत श्रवणाचे नाव पहिले घेतले जाते; पण लेखी परीक्षेत ते तपासले जात नसल्यामुळे वेळापत्रकात ते मागेच राहते. तरीही आठवड्यातील एक तासिका त्यासाठी राखून ठेवण्याचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना ऐकवायचे काय हे आधी ठरवावे लागते. रेडिओवरील शैक्षणिक कार्यक्रम आणि इंटरनेटवरील गोष्टी असे तयार साहित्य एका बाजूला आहे, तर दुसऱ्या बाजूला आपणच मोबाइलवर मुद्रित केलेले छोटे उतारे आहेत. पाचवी ते सातवीच्या वर्गांवर मी दोन्ही वापरले आहेत.

तयार साहित्याचे मोल मी कमी लेखणार नाही. त्यातले आवाज सराईत असतात आणि इंग्रजीचे उच्चार आपल्यापेक्षा बहुधा चांगले असतात. 1974 मध्ये निकाराग्वात गणितासाठी सुरू झालेल्या रेडिओ प्रकल्पातून पुढे आलेली संवादी पद्धत तर आजही विचार करण्याजोगी आहे: रेडिओतील व्यक्ती प्रश्न विचारते, मुलांना उत्तर देता यावे म्हणून थांबते आणि मग बरोबर उत्तर सांगते. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने ‘वुई लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम याच पद्धतीने तयार केला. ज्या शिक्षकाला स्वतः इंग्रजी बोलण्याचा सराव नाही, त्याला अशा कार्यक्रमाचा मोठाच आधार असतो.

माझी अडचण मात्र वेगळी होती. ऐकता ऐकता एखाद्या मुलाचे एक वाक्य निसटते आणि तो म्हणतो, “सर, ते परत लावा ना.” माझ्या मते श्रवणाचे खरे शिक्षण त्याच क्षणी होत असते, कारण नेमके काय ऐकू आले नाही हे त्या मुलाला तेव्हा कळलेले असते. रेडिओवर मागे जाताच येत नाही. मोबाइलवर पंधरा-वीस मिनिटांचे मुद्रण असेल, तर पट्टीवरचे बोट जरासे सरकले तरी अर्धे मिनिट मागेपुढे होते. दोन-तीनदा चुकीच्या जागी आवाज सुरू होतो, आणि वाक्य सापडेपर्यंत मागच्या बाकांवर गप्पा रंगलेल्या असतात. इतरांना कदाचित हे इतके जाचत नसेल. मला मात्र दर तासाला जाचत असे, आणि त्यावरूनच माझा कल ठरला.

स्वतः केलेल्या मुद्रणात प्रत्येक उतारा मिनिटभराचा आणि वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येतो, त्यामुळे ‘परत लावा’ म्हटल्यावर तो तिथल्या तिथे पहिल्यापासून लागतो. मग प्रत्यक्ष वाचून का दाखवू नये, असे कोणी विचारेल. वाचताना आपण नकळत उत्तराच्या शब्दावर जोर देतो आणि दुसऱ्या वेळी तेच वाक्य थोडे निराळे म्हणतो. मुद्रणात ते होत नाही. शिवाय आवाज आपलाच असण्याची गरज नाही. गावातील किराणा दुकानदार उधारीचा हिशेब सांगतो किंवा एखादी आजी पेरणीचे दिवस आठवते, तेव्हा मुले पुस्तकी नसलेली मराठी तिच्या अडखळण्यासकट ऐकतात. अर्थात, मुद्रणापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी आणि ते वर्गात ऐकवणार असल्याचे सांगावे.

यात कष्ट आहेत, हे मान्य करायला हवे. अनेक मोबाइल आवाज एम४ए स्वरूपात साठवतात आणि मेमरी कार्डवर चालणारे स्वस्त स्पीकर बऱ्याचदा फक्त एमपी३ वाजवतात, म्हणून आधी रूपांतर करावे लागते. काही स्पीकर फाइली नावांच्या क्रमाने न वाजवता कार्डवर कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे त्या एकेक करूनच कॉपी कराव्यात. स्पीकर फळ्याजवळ न ठेवता वर्गाच्या मध्यावरील बाकावर ठेवल्यास आवाज कमी ठेवूनही सर्वांपर्यंत पोहोचतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात मात्र दोन्ही पर्याय सारखेच निरुपयोगी ठरतात.

इंग्रजीच्या उच्चारांसाठी मी आजही तयार साहित्यच सुचवेन, फक्त त्याचे छोटे तुकडे आधी कापून ठेवावेत. मराठीसाठी, आणि विशेषतः ऐकून प्रश्नांची उत्तरे देण्याच्या सरावासाठी, स्वतःचे मुद्रण मला अधिक उपयोगी वाटते. सुरुवात पाच-सहा उताऱ्यांनी करावी, प्रश्न ऐकवण्याआधीच फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येक उतारा किमान दोनदा लावावा: पहिल्यांदा आशयासाठी, दुसऱ्यांदा तपशिलासाठी.