एरिया फार्मिंगच्या बजेटचा नऊ महिन्यांचा अनुभव, आणि एक बंद पडलेला क्यूआर कोड

पाचव्या महिन्यात एका घराची बेल वाजवली. पत्रकवाटपाच्या तिसऱ्या फेरीआधी तोंडओळख वाढवावी एवढाच हेतू होता. दार उघडणाऱ्या आजोबांनी माझं नाव ऐकलं, आत गेले आणि माझंच पत्रक घेऊन आले. चार घड्या घालून जपून ठेवलेलं. 'गेल्या तीन महिन्यांत विकली गेलेली घरं' या तक्त्यातल्या दोन ओळींखाली त्यांनी पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. कडेला स्वतःच्या घराचं क्षेत्रफळ लिहून भागाकारही करून ठेवला होता. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मग ते म्हणाले, "तुमचं पाहिलं होतं मी. मुलाने त्या चौकोनावर मोबाइल धरला, तर लिंक बंद आहे असं आलं. म्हटलं, बाईंनी काम सोडलेलं दिसतंय."

घर त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एजंटकडे दिलं होतं.

खरं तर हा अनुभव पूर्ण वर्ष झाल्यावर लिहायचा विचार होता. पण त्या बंद लिंकने माझ्या बजेटमधली जी चूक उघडी पाडली, ती आजही अनेक नव्या एजंटांच्या शीटमध्ये दिसते, म्हणून आताच लिहिते आहे. फार्मिंग म्हणजे घरं विकून देणाऱ्या एजंटने एकच वस्ती (आमच्या भाषेत 'फार्म') निवडून तिथे वर्षभर पुन्हा पुन्हा पोचायचं, म्हणजे घर विकायची वेळ आली की लोकांना त्याचंच नाव आठवतं.

माझी सुरुवात अशी होती. वर्षाचं छपाई आणि वाटप यांचं बजेट एका घराला एक पत्रक या मापाने मोजलं, तर ते ३,६०० पत्रकांचं होत होतं. ऑनलाइन जाहिरातीचे पैसे वेगळे. मी ९०० घरांची वस्ती घेतली आणि दर तीन महिन्यांनी एक, अशा चार फेऱ्या ठरवल्या. शीटवर हे छान दिसतं. ९०० घरं म्हणजे मोठा एरिया, मोठा एरिया म्हणजे जास्त कॉल, असं तेव्हा वाटत होतं. वर्षभरात त्या वस्तीत २७ घरं विकली गेली होती, म्हणजे उलाढाल ३ टक्के. फार्म निवडताना हा आकडा साधारण ५-६ टक्के तरी असावा असं या धंद्यात म्हणतात. मला ते माहीत होतं, तरी पुढे गेले, कारण वस्ती ओळखीची होती. ओळखीची वस्ती आणि विक्री होणारी वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पैसे खर्चून कळलं.

आता त्या कोडबद्दल. पत्रकावर क्यूआर कोड हवा म्हणून मी एका ऑनलाइन सेवेकडून 'डायनॅमिक' कोड करून घेतला. किती जणांनी स्कॅन केला ते दिसतं आणि मागचं पान कधीही बदलता येतं, हे त्यातलं आकर्षण. तीन महिन्यांचा प्लॅन घेतला, एकदाचा खर्च समजून शीटमध्ये 'डिझाइन' या रकान्यात टाकला आणि विसरून गेले. चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला त्याच कोडची दुसरी फेरी वाटली आणि त्याच आठवड्यात प्लॅन संपला. त्यानंतर आजोबांच्या दारात जाईपर्यंत कोड बंद होता. दोन फेऱ्या मिळून १,८०० पत्रकं लोकांच्या हातात, आणि त्यांच्यावरचा चौकोन सांगतोय की ही बाई आता नाही.

डायनॅमिक कोडच्या चौकोनात तुमच्या पानाचा पत्ता नसतोच. त्यात त्या सेवेची छोटी लिंक असते आणि ती लिंक माणसाला पुढे तुमच्या पानावर पाठवते. तुम्ही भाडं भरता ते या पुढे पाठवण्याचं. भाडं थांबलं की कागदावरचा कोड तसाच राहतो, फक्त कुठेच पोचवत नाही. 'स्टॅटिक' कोडमध्ये पत्ता थेट चौकोनातच छापलेला असतो, त्यामुळे तुमचं पान जिवंत आहे तोवर तो चालतो. मुळात क्यूआर कोड १९९४मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींचे सुटे भाग ओळखायला तयार झाला आणि कंपनीने पेटंटचा हक्क न बजावता तो सगळ्यांना वापरू दिला. कोड बनवायला एक पैसा लागत नाही. मला जे फुकट मिळणार होतं त्याचं मी भाडं भरत होते, आणि ते चुकल्यावर माझंच नाव बंद पडलं.

त्या सेवेच्या ग्राहक विभागाला मी अकरा मेल लिहिल्या. प्लॅन संपण्याआधी सूचना का दिली नाही, हा माझा प्रश्न होता. सूचना पाठवली होती, असं उत्तर आलं. ती माझ्या मेलबॉक्सच्या जाहिरातींच्या खणात पडून होती. म्हणजे चूक काही अंशी माझीही. पण जुने कोड सोडवून द्या, मी ते माझ्या पानाकडे वळवते आणि तुमची सेवा सोडते, ही साधी मागणीही त्यांनी मान्य केली नाही. प्लॅन घ्या, तरच कोड चालेल. शेवटी वाटलेली पत्रकं लोकांच्या घरात आहेत तोवर कोड चालू राहावा म्हणून आणखी तीन महिन्यांचे पैसे भरले. ती रक्कम बरोबर २०० पत्रकांच्या छपाई-वाटपाइतकी होती. त्या २०० घरांचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्या आठवड्यात शीट नव्याने मांडली. आधी तिचं शीर्षक 'लाँच बजेट' होतं, आता 'चालू ठेवण्याचं बजेट' आहे. सुरू करायला काय लागतं हे सगळे मोजतात. पहिल्या फेरीला चकचकीत कागद, फोटोग्राफर, बॅनर. सहाव्या महिन्यात, जेव्हा एकही कॉल आलेला नसतो, तेव्हाच्या फेरीसाठी पैसे राखून ठेवलेत का, हे मात्र कुणी मोजत नाही. आणि नेमक्या त्याच सुमारास लोक तुम्हाला ओळखायला लागलेले असतात. त्यामुळे माझ्या शीटमध्ये आता पहिला रकाना घरांचा नाही, फेऱ्यांचा आहे. आधी फेऱ्या ठरतात, मग उरलेल्या पैशांना त्यांनी भागून घरांची संख्या निघते. एरिया खिशातून ठरतो, नकाशावरून नाही.

हातात १,८०० पत्रकांचे पैसे उरले होते. त्यातले २०० त्या कोडला गेले, राहिले १,६००. वस्तीतल्या २७ विक्री नकाशावर खुणा करून पाहिल्या, तर २० विक्री एका बाजूच्या ४०० घरांत झाल्या होत्या आणि उरलेल्या ५०० घरांत फक्त ७. म्हणजे एकाच नावाच्या वस्तीत एका भागाची उलाढाल ५ टक्के आणि दुसऱ्याची १.४ टक्के. सरासरीने मला चार महिने फसवलं. शिवाय त्या २० पैकी एकाच एजंटच्या नावावर जास्तीत जास्त ४ विक्री होत्या, म्हणजे कुणाची मक्तेदारी नव्हती. ४०० घरं, दर दोन महिन्यांनी एक फेरी, उरलेल्या आठ महिन्यांत चार फेऱ्या. ५०० घरं सोडताना जीव कासावीस झाला. पण आता एका घरात माझा कागद तीन नव्हे, दोन महिन्यांनी पोचतो, तेही खर्च न वाढवता.

वाटपाबद्दल थोडक्यात. पहिल्या दोन फेऱ्यांना वाटणारा मुलगा ठेवला होता. दुसऱ्या फेरीनंतर एका जिन्याखाली माझ्या पत्रकांचा अख्खा गठ्ठा सापडला, रबरबँडसकट. तेव्हापासून मी स्वतः वाटते. ४०० घरांना चार संध्याकाळी, रोज अडीच तास, म्हणजे दहा तास लागतात. हे दहा तासही शीटमध्ये लिहिते. तो वेळ फुकटचा नाही, त्या वेळात दोन साइट व्हिजिट झाल्या असत्या. तरी मला हा सौदा परवडतो, कारण दारात उभं राहिल्यावर जे कळतं ते कुठल्याही अहवालात नसतं. कोण मुलांकडे राहायला जाणार आहे, कुणाला खोली कमी पडते आहे, कुणाचं भावाशी वाटणीचं चाललं आहे.

ऑनलाइन जाहिरातींबद्दल माझं मत सरळ होतं: छोट्या एरियासाठी पैसे वाया. पहिल्या महिन्यात जवळपास एक तृतीयांश क्लिक वस्तीबाहेरून आले. नंतर कळलं की मी वापरत असलेल्या सर्च जाहिरातीत मुळातली सेटिंग 'या भागात असलेले किंवा या भागात रस दाखवणारे' अशी असते. म्हणजे दूर कुठेतरी बसून नुसती चौकशी करणाऱ्यालाही जाहिरात दिसते. 'फक्त या भागात असलेले' हा पर्याय आपण शोधून निवडायचा. दुसरं, तिथलं रोजचं बजेट ही रोजची मर्यादा नसतेच. एखाद्या दिवशी दुप्पटही खर्च होऊ शकतो. मर्यादा पाळली जाते ती महिन्याची, रोजच्या रकमेच्या ३०.४ पट. माझ्यासारखं जो रोजचा हिशेब रात्री लिहितो, त्याचा एखाद्या दिवशी ठोकाच चुकतो. सहाव्या महिन्यात मी हे सगळं बंद केलं.

हा भाग लिहून ठेवला होता आणि मधल्या आठवड्यात एक कॉल आला, त्यामुळे वरचं मत बदलते आहे. घर विकायचं असलेल्या एका ताईंना नेहमीप्रमाणे विचारलं, "माझ्याबद्दल कुठून कळलं?" त्या म्हणाल्या, पत्रक दोन-तीनदा आलं होतं, फेकलं. मग एकदा वस्तीचं नाव टाकून शोधत होते तेव्हा तुमचं नाव वर दिसलं आणि ते पत्रक आठवलं. हे ऐकून मी जुन्या नोंदी चाळल्या. आलेल्या सात चौकशांपैकी दोघांनी अशीच दोन्ही ठिकाणं सांगितली होती. मी मात्र त्यांची नोंद फक्त 'पत्रक' म्हणून केली होती, कारण माझ्या वहीत एकाच कारणाची जागा होती. आता दोन रकाने आहेत, आधी काय पाहिलं आणि कॉल कशामुळे केला. जाहिरातही पुन्हा सुरू केली आहे, पण फक्त वस्तीच्या नावाच्या शोधापुरती, फक्त त्या भागातल्या माणसांना, आणि रोजची रक्कम आधीच्या एक चतुर्थांश ठेवून. अनोळखी माणसाला गाठण्याचं काम कागद करतो, आठवलेल्या माणसाला सापडण्याचं काम ही जाहिरात करते. ती पूर्ण बंद करा असं मी चार जणांना सांगितलं होतं, त्यांना आज फोन करून चूक दुरुस्त केली.

हिशेब विचाराल तर, नऊ महिन्यांत सात चौकशा, त्यातली तीन घरं माझ्याकडे विक्रीला आली आणि एक व्यवहार पूर्ण झाला. ऑफिसचा वाटा आणि कर वजा जाता त्या एका व्यवहारातून नऊ महिन्यांचा खर्च निघाला आणि थोडं वर उरलं. उरलं ते मी घरी नेलं नाही, पुढच्या वर्षाच्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या नावाने वेगळं ठेवलं. दुसरा एखादा व्यवहार झाला तरी घरांची संख्या वाढवायची नाही असं ठरवलं आहे.

कोडचं म्हणाल, तर आता स्टॅटिक आहे. स्वतःच्या नावाचं छोटं डोमेन घेतलं. डॉट कॉमसारखं डोमेन एकदम १० वर्षांपर्यंत नोंदवता येतं, मी ५ वर्षांचं भरलं आणि ती रक्कम पाच भागांत शीटमध्ये लिहिली. पत्त्याच्या शेवटी फेरीचा आकडा असतो, त्यामुळे कुठल्या फेरीचं पत्रक कुणी पाहिलं ते माझ्याच साइटवर मोजलं जातं. पत्ता जितका छोटा तितका चौकोन मोकळा छापला जातो आणि जुना मोबाइलही पटकन वाचतो. कोड किमान दोन सेंटिमीटर ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा. चुरगळल्यावरही वाचता यावा म्हणून चूक-दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी निवडली आहे, त्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. आणि डोळे ताणून वाचता येईल अशा नव्हे, चांगल्या मोठ्या अक्षरात फोन नंबर छापा. आजोबांच्या हातातल्या त्या पत्रकावर माझा नंबर अगदी तळाशी बारीक होता. तो मोठा असता तर त्यांनी मुलाला मोबाइल धरायलाच सांगितलं नसतं, सरळ फोन केला असता.

अकराव्या महिन्याच्या फेरीचा नमुना काल प्रेसमधून आला. घरातल्या तीन वेगवेगळ्या मोबाइलवर तपासला, एकदा कागद चुरगळूनही तपासला. मगच छपाईला होकार दिला, ४०० प्रतींना.