पुलियातलं आडरानातलं घर: त्रुल्लो, मास्सेरिया की सालेंतोचा व्हिला?

इटलीच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतात शेतातलं घर आठवडाभर भाड्याने घ्यायचं ठरलं, की फोटो पाहून निवड होत नाही. पांढरी चुनखडी, ऑलिव्हची झाडं आणि निळा स्विमिंग पूल सगळीकडेच असतो. घरांमधला खरा फरक आहे पाणी, वीज, दारं आणि शेवटच्या दोन किलोमीटरच्या रस्त्यात.

त्रुल्लो

शंकूच्या आकाराच्या दगडी छपराची ही घरं इत्रिया खोऱ्यात, म्हणजे आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोन्दो, मार्तिना फ्रांका आणि चिस्तेर्निनोच्या आसपास आहेत. आल्बेरोबेल्लोतल्या त्रुल्ली (त्रुल्लोचं अनेकवचन) 1996 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पण एकांत हवा असेल तर त्या गावात राहू नका. तिथे दिवसभर बसेस भरून माणसं येतात. खोऱ्यातल्या शेतात घर शोधा.

त्रुल्लोत साधारणपणे एक शंकू म्हणजे एक खोली. त्यामुळे ‘तीन बेडरूमचा त्रुल्लो’ म्हणजे कमानींनी जोडलेले चार-पाच शंकू. या कमानींना पुष्कळदा दार नसतं, पलंग भिंतीतल्या कोनाड्यात असतो आणि मध्ये फक्त पडदा. दोन जोडप्यांना किंवा सासू-सासऱ्यांसोबत जाणाऱ्यांना हे अडचणीचं होतं. मालकाला थेट विचारा: किती बेडरूमना बंद होणारं दार आहे, आणि बाथरूमला जायला दुसऱ्याच्या बेडरूममधून जावं लागतं का? मुलांसाठी म्हणून दाखवलेला माळा बहुधा उभ्या शिडीचा असतो. जुन्या त्रुल्लीत दाराची उंचीही कमी असते.

जाड भिंतींमुळे जुलैच्या दुपारीही आत गारवा राहतो. शिवाय खोऱ्यातली गावं समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर आहेत, त्यामुळे रात्री बऱ्या जातात. याच भिंती एप्रिल-मेमध्ये त्रास देतात. हिवाळाभर बंद राहिलेल्या घरात ओल धरलेली असते, गाद्यांना दमट वास येतो. त्या महिन्यांत जात असाल तर ओल शोषणारं यंत्र आहे का, हे विचारा. आत मोबाईलला रेंज जवळपास नसते आणि वायफायही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नीट पोचत नाही. घरून काम करायचं असेल तर त्रुल्लो सोडून द्या.

मास्सेरिया

समुद्री लुटारूंच्या भीतीने तटबंदी केलेले हे जुने शेतवाडे. मधे मोठं अंगण, काही ठिकाणी जमिनीखाली खडकात कोरलेला तेलघाणा. फासानो आणि ओस्तुनीच्या सपाटीवर, शेकडो वर्षं जुन्या ऑलिव्हच्या बागांमध्ये त्या जास्त दिसतात. अनेकांचं आता हॉटेल झालंय: खोली, नाश्ता आणि सांगितलं तर रात्रीचं जेवण.

गाडी चालवायचा कंटाळा असेल, सोबत सत्तरीची माणसं असतील, तर आमचं मत मास्सेरियाला. वाड्यात कोणीतरी माणूस असतो. नळ बिघडला तर रात्री दहाला मालकाला फोन लावत बसावं लागत नाही. मात्र एकांत अर्धाच मिळतो, भाडं जास्त असतं आणि खोलीत स्वयंपाकघर बहुधा नसतं. आणखी एक: मे ते सप्टेंबरात शनिवारी मास्सेरियात लग्नं लागतात आणि संगीत मध्यरात्रीपर्यंत चालतं. तुमच्या तारखांना कार्यक्रम आहे का, हे बुकिंगआधी लेखी विचारा.

शाकाहाऱ्यांची सोय बरी होते. वाटलेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांसोबत चिकोरीची पालेभाजी हे तिथलं रोजचं जेवण आहे. पण रापा या भाजीच्या कोवळ्या पाल्यातल्या ओरेक्येत्ते पास्त्यात अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो, ताटात तो दिसत नाही. ‘मांस नको’ एवढंच सांगून चालत नाही, मासाही नको हे वेगळं सांगा. चीज बहुतेक प्राणिजन्य रेनेटचं (दूध गोठवणाऱ्या विरजणाचं) असतं.

सालेंतोचा व्हिला

सालेंतो म्हणजे टाचेचं टोक. लेच्चे शहराच्या दक्षिणेला जमीन सपाट. घरं नवी किंवा नव्याने बांधलेली, खोल्यांना नीट दारं, पायऱ्या कमी. वाळूचा किनारा हवा असेल तर पश्चिमेला आयोनियन समुद्राकडे, गाल्लीपोली-पेस्कोलूसे भागात बघा. ओत्रान्तोपासून दक्षिणेकडचा किनारा बराचसा खडकाळ आहे, लहान मुलांना नको. दोन कुटुंबांनी मिळून स्वतः रांधून राहायचं असेल तर हाच पर्याय सोयीचा.

इथे एक गोष्ट जाहिरातीत नसते. गाल्लीपोलीच्या परिसरात 2013 मध्ये झायलेला जिवाणू सापडला आणि त्यानंतर सालेंतोतली लाखो ऑलिव्ह झाडं वाळली. जुन्या फोटोतली हिरवी बाग आज करड्या खोडांची असू शकते. म्हणजे सावलीही गेली. या वर्षीचे फोटो मागवा. दक्षिणेचा सिरोक्को वारा सुटला की हवा इतकी दमट होते की एसी नसलेल्या खोलीत झोप लागत नाही.

वीज आणि पाणी

इटलीत घरगुती जोडणी बहुतेक वेळा 3 किलोवॅटची असते. एसी, गीझर आणि इंडक्शन शेगडी एकत्र चालू केली की मीटरवरचा स्विच पडतो. तो पुष्कळदा घरात नसून रस्त्याकडच्या फाटकाजवळ असतो, अंधारात टॉर्च घेऊन जावं लागतं. सहाहून जास्त माणसं असतील तर 6 किलोवॅटची जोडणी आहे का, ते विचारा. आपल्या जाड गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर न्यावा लागतो.

आडरानात नळयोजना नसेल तर टँकरने टाकी भरतात. ते पाणी अंघोळीपुरतं, पिण्याचं विकत आणायचं. आठ माणसांच्या रोजच्या अंघोळी आणि धुणं धरून टाकी आठवडाभर पुरते का, आणि मधेच संपली तर टँकरचे पैसे कोणाचे, हे ठरवून घ्या. पूलला कुंपण बहुधा नसतं आणि पाणी तापवलेलं नसतं. मेमध्ये उतरलात तर कुडकुडाल.

कुकर न्यावा, पण शेगडी इंडक्शन की सिलिंडरवरची ते आधी कळू द्या. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर चालत नाही. तूप, पेढे, श्रीखंड बॅगेत नको. युरोपियन संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

गाडी, व्हिसा, पैसे

त्रुल्लो आणि व्हिला गाडीशिवाय अशक्य. भारतीय लायसन्ससोबत आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ऑटोमॅटिक गाडी हवी तर आधीच सांगून ठेवा. दोन दगडी बांधांमधला रस्ता एका गाडीपुरताच असतो, त्यामुळे नऊ सीटच्या व्हॅनपेक्षा दोन लहान गाड्या बऱ्या. पत्त्यात रस्त्याचं नाव नसतं, फक्त वाडीचं असतं, म्हणून मालकाकडून लोकेशनची पिन घ्या. जुन्या गावांत वाहनबंदीचा भाग कॅमेऱ्यावर असतो. दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि भाड्याची कंपनी त्यावर स्वतःचं शुल्क लावते.

शेन्गेन व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. ऑगस्टमध्ये व्हिला बहुतेक शनिवार ते शनिवारच मिळतात आणि आगाऊ रक्कम बहुधा परत मिळत नाही. 2025 पासून प्रत्येक भाड्याच्या घराच्या जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे. तो नसेल तर ॲडव्हान्स पाठवू नका. बऱ्याच गावांत माणशी दर रात्रीचा पर्यटन करही असतो. तो पुष्कळ ठिकाणी रोख मागतात, तेव्हा सुटे युरो जवळ असू द्या.