क्वेस्ट 3: गालावरचे वळ आणि चपलांच्या कपाटावरचा राउटर

भाचा न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी मेटा कंपनीचा क्वेस्ट 3, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा व्हीआर हेडसेट, घेऊन आला, त्याला आता तीन महिने झाले. पहिले पंधरा दिवस हेडसेट कपाटावरच होता. दहा मिनिटं लावला की गालांवर वळ आणि मान अवघडलेली. वजन 515 ग्रॅम, म्हणजे साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा नाकावर टांगल्यासारखा. "बाइकवरून उतरून हेल्मेट काढायचं ते हे दुसरं घालायला?" बायकोच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोष हेडसेटचा नव्हता. मी तो दुर्बिणीसारखा पुढून डोळ्यांवर दाबायचो, घसरला की बाजूचे पट्टे आवळायचो. करायचं नेमकं उलट. सगळे पट्टे सैल करा. आधी मागचा भाग डोक्याच्या मागच्या उंचवट्याखाली अडकवा, मग पुढचा भाग डोळ्यांवर आणा. आता टाळूवरचा पट्टा ओढा. ओझं त्याने पेलायचं असतं. बाजूचे पट्टे हेडसेट डुगडुगू नये इतपतच. गाल आणि फोमच्या मधून करंगळी सरकली नाही तर जास्त आवळलंय, असा माझा हिशेब.

मागचा पट्टा दुभंगलेला आहे, मध्ये फट. त्या फटीत आईचा अंबाडा इतका चपखल बसला, की हे मुद्दाम डोंबिवलीसाठी बनवलंय की काय असं वाटलं.

चष्मेवाल्यांनी इथे थांबून वाचा. माझा नंबर उणे साडेचार. फोमच्या आतल्या बाजूला डावी-उजवीकडे बटणं आहेत, ती दाबली की फोम पुढे-मागे सरकतो, एकूण चार टप्पे. मी सर्वांत लांबच्या टप्प्यावर ठेवलाय. दृश्य कडेने थोडं आक्रसतं, पण चष्म्याची काच भिंगाला घासत नाही. एकदा चरा पडला की तो गेला कायमचा. भिंगं पुसायला कोरडं मायक्रोफायबर, बाकी काही नको. आणि गॅलरीत उन्हात हेडसेट ठेवू नका. उन्हाची तिरीप भिंगातून गेली तर आतला स्क्रीन जळतो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो, तोच प्रकार.

अक्षरं धूसर दिसत असतील तर नंबराला दोष देण्याआधी खालच्या कडेचं चाक फिरवा. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याने जुळवतात. माझं अंतर चष्म्याच्या दुकानातल्या जुन्या चिठ्ठीवर सापडलं: 66 मिलिमीटर. चाक फिरवताना आकडा समोर दिसतो, तो 66 वर आणला आणि मेनू एकदम स्वच्छ.

ऑनलाइन एक बॅटरीवाला पट्टाही मागवला होता. बॅटरी आठव्या दिवशी वारली. पट्टा मात्र अजून वापरतो, कारण मेलेली बॅटरी मागे वजन म्हणून उत्तम काम करते. एकूण ओझं वाढूनही मानेला हलकं वाटतं.

आता खरं दुखणं, वायफाय. हेडसेटमधले गेम ठीक चालायचे, पण कॉम्प्युटरवरचे एअर लिंकने, म्हणजे वायरीशिवाय वायफायवरून, खेळायला गेलं की चित्र अडखळायचं आणि पोटात ढवळायचं. इंटरनेटवाल्याला फोन केला. त्याने मोठा प्लॅन गळ्यात मारला, मीही घेतला. ढिम्म फरक नाही. पडणार कसा? हे चित्र कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि तिथून हेडसेटकडे जातं. ते घराबाहेर पडतच नाही.

मग तीन गोष्टी केल्या. कॉम्प्युटर केबलने राउटरला जोडला. राउटरच्या वायफायचे दोन बँड असतात, त्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झला एकच नाव होतं आणि हेडसेट मुकाट 2.4 वर जाऊन बसायचा, म्हणून नावं वेगळी करून त्याला 5 वर बांधला. तिसरी गोष्ट उशिरा कळली: कनेक्शनसोबत आलेल्या राउटरची पोर्टं फक्त 100 एमबीपीएसची होती, केबल कितीही चांगली घाला. गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या, पोर्टांचा राउटर विकत घेतला आणि हॉलमधल्या चपलांच्या कपाटावर ठेवला, कारण खेळतो मी तिथेच आणि 5 गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लगेच मलूल होतं. त्या रात्री दीड तास खेळलो, एकदाही अडखळलं नाही. वाढीव प्लॅन दुसऱ्या दिवशी बंद केला.

खेळायला दोन बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. आम्ही सोफा ढकलतो. हेडसेटमध्ये जमिनीवर आखलेल्या खेळाच्या हद्दीला डोक्यावरचा पंखा कळत नाही, माझ्या उजव्या हाताला कळला. तेव्हापासून टेबलफॅन लावतो. त्याने घामाची वाफ भिंगांवर धरत नाही, हा फायदा वेगळाच.

पाचपैकी चार तारे. एक बॅटरीसाठी कापला: कंपनी स्वतःच सरासरी 2.2 तास सांगते, आणि घरात वापरणारे तिघं. तिसरा भागीदार मुलगा. तिघांत चाक सतत फिरतं, म्हणून खोक्यावर पांढरी पट्टी चिकटवून लिहून ठेवलंय: मी 66, आई 60, बंड्या 63.